ज्या घरात मार खाल्ला, त्या घराचे फोटो काढावेत का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्यांचं वय ३८. लहानपणी वडील पट्ट्याने मारायचे, आई मधे पडायची नाही. वडील आता हयात नाहीत. सांगलीकडचं घर विकलं गेलंय आणि दिवाळीनंतर ताबा द्यायचाय. हातात चांगला कॅमेरा आहे, घर जाण्याआधी फोटो काढून ठेवावेत असं मनात आहे. पण जुना अल्बम उघडला तरी छातीत धडधडतं. समुपदेशन वर्षभर चालू होतं, मग सुटलं. फोटोंनी खरंच काही होतं, की उगाच खपली निघेल, असं त्यांना विचारायचंय.

काढा. घर एकदा दुसऱ्याच्या नावावर झालं की हे करता येणार नाही. फक्त दोन गोष्टी पाळा. एकट्याने जाऊ नका, आणि पहिल्या फेरीत ज्या खोलीत मार खाल्ला त्या खोलीत कॅमेरा काढू नका.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. ११ वर्षं लग्नाचे आणि स्टुडिओतले फोटो काढले. त्यानंतर गेली १७ वर्षं एका मानसोपचारतज्ज्ञ मैत्रिणीबरोबर छोटे गट घेते. एका वेळी सहा-सात माणसं, प्रत्येकाच्या हातात कॅमेरा नाहीतर फोन, आणि विषय एकच: लहानपणी जे झालं ते. कॅमेऱ्याचं मी बघते, माणसांचं ती बघते. या दोन कामांची सरमिसळ आम्ही कधी होऊ दिली नाही, म्हणूनच हे इतकी वर्षं टिकलं असं मला वाटतं.

कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ ज्युडी वायझर यांनी या विषयात १९७०च्या दशकापासून काम केलंय. त्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवतात. समुपदेशक उपचार करताना माणसाचे फोटो वापरतो, ती फोटोथेरपी. आणि माणूस आपल्या मनानं, आपल्यासाठी कॅमेरा हाती घेतो, ते वेगळं. तुम्ही विचारताय ते दुसरं. पण तुमच्याबाबतीत दुसऱ्याला पहिल्याचा टेकू लागणार आहे. सांगलीला जाण्याआधी जुन्या समुपदेशकांना फोन करा. 'घराचे फोटो काढायला चाललोय, परत आल्यावर बसायचंय' एवढं सांगून वेळ घेऊन ठेवा. वेळ ठरलेली असली की माणूस घरात जरा निवांत वावरतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

आणि धडधडीबद्दल: ती होते म्हणजे तुम्ही कच्चे आहात असं नाही. माझ्या गटात येणारी माणसं जुना फोटो बघताना आधी अंगानं आठवतात, शब्द मागून येतात. कुणाचे हात गार पडतात, कुणाला एकदम झोप येते. धडधड झाली तर अल्बम मिटायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा मिनिटं उघडायचा.

अल्बमपासूनच सुरुवात करा, घर नंतर. आपल्याकडचे अल्बम तुम्हाला माहीतच आहेत: बारसं, मुंज, गॅदरिंग, महाबळेश्वरची ट्रिप, कुणाचं तरी लग्न. आगफा क्लिक थ्री कॅमेरा असेल तर रोलमध्ये १२ फोटो, पुढे पस्तीस एमएमच्या रोलमध्ये ३६. रोल, धुलाई, प्रिंट, सगळ्याला पैसे पडायचे. रडणाऱ्या पोरावर फ्रेम कोण घालवणार? त्यामुळे ते अल्बम हसरेच निघतात. अनेकजण म्हणतात, 'फोटोत तर मी हसतोय, मग मला आठवतं ते खोटं का?' खोटं नाही. फोटोग्राफर 'हस' म्हणाला, तुम्ही हसलात, एवढंच त्या फोटोत आहे.

पण त्याच अल्बममध्ये तुम्हाला हवे ते फोटोही असतात. समारंभ संपला, रोलमध्ये चार-पाच फ्रेम उरल्या, रोल तर धुवायला टाकायचाय. मग कुणीतरी घरातच उरलेले फोटो 'संपवून' टाकायचं. स्वयंपाकघर, दारातली सायकल, झोपेतून नुकतं उठलेलं पोर, अर्धवट वळलेली आई. हे फोटो अल्बमच्या शेवटी नाहीतर लॅबच्या पाकिटात पडलेले असतात, कारण लावण्यासारखे कुणाला वाटले नाहीत. ते शोधा. निगेटिव्हच्या पट्ट्या मिळाल्या तर उत्तमच: काठावर फ्रेमचे आकडे असतात, त्यावरून कशानंतर काय काढलं हे कळतं, आणि कधी प्रिंटच न केलेली फ्रेमही सापडते. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, फाटतात. दात साफ करायचा पातळ दोरा फोटोच्या मागून सरकवत न्या. फोटो सुटत नसेल तर अख्ख्या पानाचाच वरून फोटो घ्या. आणि राग आला तरी या दिवसांत काही फाडू नका. फाडायचंच असेल तर आधी कॉपी काढून ती फाडा.

फोटो टेबलावर मांडले की 'कसं वाटतं' हे एवढ्यात विचारू नका. बाहेरच्या गोष्टी बघा. कॅमेरा कुणाच्या हातात होता? किती उंचीवरून धरला होता? कोण कुणाशेजारी उभं नाही? हात कुठे आहेत? आमच्याकडे एक पन्नाशीचे गृहस्थ होते. वडिलांबरोबरचे १४ फोटो त्यांनी सतरंजीवर ओळीनं लावले. वडिलांचा हात प्रत्येक फोटोत मुलाच्या खांद्यावर, अगदी मायेनं ठेवल्यासारखा. आणि तोच खांदा प्रत्येक फोटोत कानाच्या दिशेनं वर उचललेला. पहिल्यात वय पाच, शेवटच्यात सतरा. गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग स्वतःचा डावा खांदा चाचपून म्हणाले, 'हा अजून दुखतो.'

त्या कॅमेऱ्यामागे वडील, काका, स्टुडिओवाला, म्हणजे मोठं माणूस असायचं. कुठे उभं राहायचं, किती जवळ जायचं, बटण कधी दाबायचं, सगळं तेच ठरवायचं. आता तो कॅमेरा तुमच्या हातात आहे. माझ्या मते या कामाचं मर्म इथेच आहे. झालेल्या गोष्टीपासून किती अंतरावर उभं राहायचं हे पहिल्यांदा तुम्ही ठरवणार आहात. दहा फुटांवरून बघवत नसेल तर तीस फुटांवरून बघा. उंबऱ्याबाहेरून बघा. पाठ फिरवून निघून जाण्याचा हक्कही तुमचाच. लहानपणी तो नव्हता.

लंडनच्या छायाचित्रकार जो स्पेन्स यांनी हे फार पुढे नेलं. त्यांचा जन्म १९३४चा, घर कामगारांचं, आणि त्या स्वतः आधी स्टुडिओत लोकांचे पोर्ट्रेट काढायच्या. १९७९मध्ये त्यांनी आपले लहानपणापासूनचे फोटो मांडून, त्यात काय नाही याचं प्रदर्शन केलं. १९८२मध्ये त्यांना स्तनांचा कर्करोग झाल्याचं कळलं, आणि १९८४पासून रोझी मार्टिन या मैत्रिणीबरोबर त्यांनी आळीपाळीनं एकमेकींचे फोटो काढायला सुरुवात केली. आईसारखे कपडे, आईसारखं बसणं, कारखान्यात राबणारी आई स्वतःच्या अंगावर घेऊन बघणं. यात कॅमेऱ्यामागची बाई मालकीण नसायची. काय करायचं आणि कधी थांबायचं हे समोर बसलेलीच ठरवायची. १९९२मध्ये स्पेन्स गेल्या. मी त्यांच्याकडून हा एकच नियम उचलला: फोटो ज्याचा, हुकूम त्याचा. वडिलांचा शर्ट घालून, पट्टा हातात धरून स्वतःचा फोटो काढण्याची कल्पना तुमच्याही मनात येईल, बऱ्याच जणांच्या येते. ती एकट्याने करू नका, आणि या दिवाळीत तर नकोच. आमच्याकडे एकानं तसं केलं होतं. शर्टाची वरची गुंडी लावताना त्याचा श्वास अडकला आणि त्यानं हात वर केला. आम्ही तिथेच थांबलो. मैत्रीण खोलीत होती म्हणून तो क्षण निभावला.

आता एक खास आपल्या घरांतली गोष्ट. ज्यानं त्रास दिला तो माणूस गेलेला असतो आणि हॉलमध्ये त्याची तसबीर असते. चंदनाचा हार, वर बारीक दिवा, रोज उदबत्ती. घरात येणारा-जाणारा हात जोडतो. 'मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये' म्हणून तोंडही बंद. तुम्ही वडिलांच्या फोटोबद्दल काही लिहिलं नाहीत, पण तो कुठेतरी असणारच. आमच्याकडच्या एका ताईंना चुलत्यांच्या तसबिरीसमोर उभंच राहवत नव्हतं. त्यांनी काय केलं? हॉलचे दिवे घालवले, खिडकी पाठीशी न ठेवता बाजूला घेतली, म्हणजे उजेड त्यांच्या स्वतःच्या अंगावर पडला. तसबिरीच्या काचेत आता त्यांचंच प्रतिबिंब ठळक, आणि मागचा चेहरा अंधुक. फोकस त्यांनी प्रतिबिंबावर धरला. प्रतिबिंब काचेवर नसतं, काचेच्या पलीकडे असतं, तुम्ही काचेपासून जितके लांब तितकंच आत, म्हणून फोकस तिथे नेला की हार आणि चेहरा दोन्ही पुसट होतात. फोटोत दिसतं काय, तर चौकटीत त्या स्वतः, हातात कॅमेरा, आणि गळ्याशी कसलीशी तपकिरी रेघ. तो फोटो त्यांनी कुणाला दाखवला नाही. पण पुढच्या पितृपक्षात त्या घरी गेल्या आणि हॉलमध्ये बसून जेवल्या, जे त्यांनी नऊ वर्षांत केलं नव्हतं.

माझंही सांगते, कारण यातलं तंत्र तुम्हाला उपयोगी पडेल. आमच्या घरी शिक्षा म्हणजे कोठीत कोंडणं. तांदळाची पोती, रॉकेलचा डबा, पापडांचे पत्र्याचे डबे, आणि दाराखालून येणारी उजेडाची एक चीर. किती वेळ कोंडायचे ते मला आजही सांगता येत नाही. ४१व्या वर्षी मी तिथे कॅमेरा घेऊन गेले, बहीण बाहेर ओट्याला टेकून उभी होती. आत इतका अंधार की हातात धरून फोटो येणंच शक्य नव्हतं. ट्रायपॉड लावला, आयएसओ १००, एफ ८, शटर ३० सेकंद उघडं. म्हणजे बटण दाबून तिथे ३० सेकंद उभं राहणं आलं. मी मोजत राहिले. लहानपणी वेळेला शेवटच नव्हता, आणि इथे मला माहीत होतं की तिसाला खट्ट होणार. झालंही. स्क्रीनवर बघितलं तर डोळ्यांना दिसत नव्हतं ते सगळं आलं होतं: पोत्यांवरची छापील अक्षरं, भिंतीवरचा ओलीचा डाग, खालच्या फळीवरची कल्हई गेलेली पातेली. दाराखालची चीर तेवढी पांढरीफटक जळून गेली होती. मी सात वेळा तोच फोटो काढला. सातव्या वेळी बहीण म्हणाली, 'चहा टाकू का?' आणि मी आतूनच हो म्हटलं. आतून आवाज दिला आणि कुणीतरी ऐकलं, हे त्या खोलीत पहिल्यांदा घडलं.

बाहेर आल्यावर मी कडीचा फोटो घेतला. कडी दाराच्या बाहेरच्या बाजूला, आणि आता माझ्या छातीच्याही खाली लागत होती. कॅमेरा जमिनीपासून एक मीटरवर आणून वर बघितलं, तेव्हा ती आठवणीतल्याइतकी उंच दिसली.

तुमच्या घरात हे नक्की करा. सात वर्षांचं मूल साधारण १२० सेंमी उंच असतं, म्हणजे डोळे ११०च्या आसपास. ट्रायपॉड त्या उंचीला लावा. ज्या जागेवर उभे असायचात तिथून एक फोटो, आणि पाय न हलवता, आजच्या तुमच्या डोळ्यांच्या उंचीवरून दुसरा. लेन्स ३५ किंवा ५० एमएमची ठेवा. वाइड लेन्सनं खोली ताणली जाते, भयपटासारखी दिसते, आणि मग आपण आठवणीऐवजी लेन्सलाच घाबरतो. ब्लॅक अँड व्हाइटही आत्ता नको. भिंतीचा रंग पिस्ता होता की आकाशी, हे नंतर महत्त्वाचं ठरतं.

पहिल्या फेरीत अंगण, नळ, जिना, शाळेतून यायची वाट, लपायची जागा. लपायची जागा असतेच: माळा, पाण्याच्या टाकीमागची सांद, शेजारच्यांचा गोठा. तिचे भरपूर फोटो घ्या. मारल्याच्या जागेपेक्षा वाचल्याच्या जागेवर जास्त वेळ घालवलेली माणसं या कामात टिकतात, असा माझा अनुभव आहे. शेजारच्या ज्या काकू तुम्हाला बोलावून भाकरी द्यायच्या त्यांचं दार असेल तर तेही. खोलीत दुसऱ्या फेरीत जा, आणि तिथे आधी वस्तू घ्या. पट्टा ज्या खुंटीला असायचा ती खुंटी अजून असेल. तिच्यापासून सुरुवात करा. रिकामी खुंटी काढायला सोपी वाटते, पण जवळ गेल्यावर तशी राहत नाही, म्हणून बरोबर आलेल्या माणसाला तेव्हा खोलीत थांबायला सांगा.

फोटोनं एक गोष्ट होत नाही आणि ती नीट समजून घ्या. आज काढलेला फोटो तेव्हा काय झालं याचा पुरावा नसतो, आणि जुना फोटोही आठवणीचा साक्षीदार म्हणून फार भरवशाचा नाही. न्यूझीलंडमध्ये २००२ साली मानसशास्त्रज्ञ किंबर्ली वेड आणि सहकाऱ्यांनी २० जणांना त्यांच्या लहानपणीच्या खऱ्या फोटोंत एक बनावट फोटो मिसळून दाखवला: हॉट एअर बलूनमध्ये बसलेले ते स्वतः. असं कधी घडलंच नव्हतं. तरी दोन आठवड्यांच्या आत निम्म्या लोकांना त्या सफरीचं थोडंफार किंवा सगळं 'आठवलं'. म्हणून फोटो समोर धरून 'आठव, अजून काय झालं आठव' असं स्वतःच्या मागे लागू नका, आणि कुणाला लागू देऊ नका. तुम्हाला जे आठवतं ते पुरेसं आहे. जुन्या फोटोत आजचं आपलं रूप मिसळणारी अॅप्स आता फोनवर मिळतात. चिनो ओत्सुका या जपानी छायाचित्रकर्तीनं आपल्या लहानपणीच्या फोटोंत आजची स्वतः शेजारी उभी करून फार हळवं काम केलंय, पण ते विचारपूर्वक केलेलं काम आहे. घाव ताजा असताना अॅपवर दोन मिनिटांत तसं करू नका.

फोटो फोनवर काढणार असाल तर त्याआधी आपोआप होणारा बॅकअप आणि जुने फोटो दाखवणारी सोय दोन्ही बंद करा. नाहीतर पुढच्या वर्षी याच तारखेला, ऑफिसच्या मीटिंगमध्ये, 'आठवणी' म्हणून ती खुंटी स्क्रीनवर उगवेल. फेसबुकवर, ग्रुपवर टाकण्याची घाई करू नका. टाकलं की पहिल्या तासात कुणीतरी लिहितं, 'वडील होते, तुमच्या भल्यासाठीच मारलं.' त्या वाक्याला उत्तर द्यायची ताकद आत्ता खर्च करण्यात अर्थ नाही. आईंना दाखवायचे की नाही हे समुपदेशकांशी बोलून ठरवा. 'मधे का पडली नाहीस' हा प्रश्न फोटो पुढे करून विचारला की तो आरोपपत्रासारखा होतो, आणि तुम्हाला कदाचित उत्तर हवंय, कबुली नको.

कधी थांबायचं तेही आधीच ठरवा. हातापायांची जाणीव गेली, किती वेळ गेला ते कळेनासं झालं, बरोबरच्या माणसाचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला, की कॅमेरा खाली. उन्हात या, तोंडावर पाणी मारा, आजची तारीख आणि आपलं वय मोठ्यानं म्हणा. 'मी ३८ वर्षांचा आहे, गाडीची किल्ली माझ्या खिशात आहे.' परत आल्यावर दोन-तीन रात्री झोप उडाली तर होतं तसं. त्याहून लांबलं, किंवा जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं, तर समुपदेशकांच्या वेळेची वाट बघू नका. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलतात.

बरोबर कुणाला न्यायचं? ज्याला सगळं माहीत आहे आणि जो बडबड करणार नाही असा एक माणूस. बायको असेल तर उत्तम, पण 'जाऊ दे ना आता' म्हणणारी भावंडं नकोत. सकाळी पोचा, दोन तासांत निघा, जेवण बाहेर. दुपारचं कलतं ऊन सुंदर असतं, पण ते घर तुम्हाला सुंदर दाखवायचं नाहीये, आणि अंधार पडायच्या आत तुम्ही रस्त्याला लागलेले बरे.

घरी आल्यावर कार्ड कॉपी करा, एका हार्ड डिस्कवर ठेवा, फोल्डरला फक्त तारीख द्या. फोटो बघू नका. वेळ घेतलेल्या दिवशी लॅपटॉप घेऊन जा आणि पहिल्यांदा तिथेच उघडा, अंगणातल्या नळापासून.